घाट उतरताना

आज शेतीतले काही लिहीत नाही. बी-बियाणे, खते, कीड-रोग यांवर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते तुमच्या ओसरीला टेकून उभ्या असलेल्या मोटारसायकलीविषयी. आणि खास करून त्यांच्यासाठी, ज्यांना डेअरीला, बाजाराला, दवाखान्याला किंवा लेकीच्या सासरी जायचे तर मध्ये घाट ओलांडावा लागतो.

आंबेनळी, वरंधा, कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली, माळशेज. सह्याद्रीतून खाली कोकणात उतरणाऱ्या वाटांची ही नावे तुम्ही ऐकलेली आहेत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी शहरातली तरुण मुले भारी गाड्या घेऊन तिथे येतात, धबधब्यापाशी फोटो काढतात, एखादा पडतो आणि वर्तमानपत्रात बातमी येते. त्यांच्याबद्दल बोलणारे खूप आहेत. पण त्याच घाटातून बारा महिने दुधाचे कॅन, वैरणीचा भारा, युरियाचे पोते आणि मागे बायको-पोर घेऊन जाणारा आपला माणूस असतो, त्याच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. तो वेडावाकडा वेग घेत नाही. तरीही तो पडतो. का पडतो, ते मला माझ्या चुकीतून कळले, म्हणून आधी तीच सांगतो.

आमचे गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. वर हेळवाक, पुढे कुंभार्ली घाट, खाली पोफळी, शिरगाव आणि मग चिपळूण. सौ.चे माहेर चिपळूणच्या पलीकडे आहे. त्यामुळे हा घाट मी लग्नाआधीपासून उतरतो आहे. कुठल्या वळणावर झरा आहे, कुठे कठडा मोडला आहे, कुठे वानरे बसतात, सगळे तोंडपाठ. हे तोंडपाठ असणेच पुढे अंगाशी आले.

2009 सालच्या जुलैचा पहिला आठवडा. तरवा लावणीला आला होता. सासूबाई आजारी असल्याचा निरोप आला, म्हणून लावणीच्या आधी एक दिवस जाऊन यावे असे ठरले. रिकाम्या हाताने कसे जायचे? घरच्या तांदळाचे पंचवीस किलोंचे पोते घेतले. मागे सौ. बसणार, म्हणून पोते मी पुढे, टाकीवर, मांड्यांच्या मध्ये घेतले. एक पिशवी हँडलला अडकवली. सौ. म्हणाली, "अहो, पोतं मागं घ्या की, मी धरून बसते." मी म्हणालो, "गप बस. काय आज पहिल्यांदा जातोय का घाटातनं?"

पाऊस थांबला होता, पण रस्ता ओला होता आणि धुके वर चढत होते. एका डाव्या हाताच्या, इंग्रजी यू अक्षरासारख्या वळणावर खालून भरलेला ट्रक चढत आला. मी माझ्या बाजूने होतो. वेग पंचवीसच्या वर नसेल. वळण आतल्या बाजूने घ्यायचे म्हणून हँडल डावीकडे वळवले, आणि ते अर्ध्यातच थांबले. पोत्याला अडले होते. गाडी वळण्याऐवजी सरळ ट्रकच्या अंगावर जाऊ लागली. घाबरून मी मागचा ब्रेक जोरात दाबला. मागचे चाक जागीच बंद पडले, ओल्या रस्त्यावर घसरले, आणि आम्ही दोघे, गाडी आणि तांदूळ असे सगळे रस्त्यावर पसरलो. ट्रकवाल्याने वेळेवर गाडी थांबवली. तो माणूस देवासारखा उभा राहिला, एवढे खरे.

मला खरचटले. सौ.च्या मांडीचे हाड मोडले. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते, डोकी वाचली ती आमच्या शहाणपणाने नव्हे. दवाखान्यात हाडात सळई घातली, तीन महिने अंथरूण. त्या वर्षी आमच्या वावरात लावणी झाली ती भावकीने पैऱ्याने उरकून दिली म्हणून. दुभती म्हैस विकली. घरात धाकटा मुलगा चौथीत होता, त्याला भाकरी थापायला शिकावे लागले. अपघात दोन क्षणांचा असतो, पण शेतकऱ्याच्या घरात तो हंगाम खाऊन जातो.

पुढे पाटणच्या एका जुन्या मिस्त्रीने गाडी दुरुस्त करताना विचारले, "हँडल कुठवर वळत होतं?" मला उत्तर देता येईना. त्याने टाकीवर वाळूची पिशवी ठेवून मला हँडल फिरवायला लावले. तुम्हीही आज अंगणात हे करून पाहा. गाडी स्टँडवर लावा, रोज जे ओझे पुढे ठेवता ते ठेवा, आणि हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. सपाट रस्त्यावर हँडल जेमतेम दोन-चार बोटे वळते, म्हणून अडथळा कधी कळतच नाही. घाटातल्या अवघड वळणावर, कमी वेगात, ते पुष्कळ वळवावे लागते, आणि नेमके तेव्हाच ते अडते. बिगरगिअरच्या स्कूटरला पाय ठेवायच्या जागी सिलिंडर किंवा पोते उभे करतात, तिथेही हेच.

चढताना नव्हे, उतरताना

चढताना गाडी कुरकुरते, इंजिन तापते, आपल्याला वाटते की चढच अवघड. खरे तर चढ हा प्रामाणिक असतो. मूठ सैल सोडली की गाडी आपोआप मंदावते. उताराला तसे नाही. तिथे तुम्ही काही केले नाही तरी वेग वाढतच जातो, आणि तो थांबवायचे काम सतत करावे लागते.

आपल्याकडे उताराला गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय फार जणांना आहे. काही जण तर चावीच बंद करतात. पेट्रोल वाचते म्हणून. ही सवय आली कुठून, याविषयी माझा एक समज आहे. माझ्या मामांकडे राजदूत होती. ते टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे त्याला लागणारे ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेले असायचे. मूठ पूर्ण सोडून गिअरमध्ये लांबलचक उतार उतरला, तर पेट्रोल कमी आणि त्याबरोबर ऑईलही कमी. इंजिन मात्र जोरात फिरतच राहायचे. पिस्टन कोरडा पडून जाम व्हायचा आणि चाकही. मामांची गाडी एकदा अशीच उतारावर अडकली होती. म्हणून जुने लोक उताराला गाडी मोकळी सोडायला शिकवायचे किंवा मधून मधून मूठ थोडी पिळायला सांगायचे. त्या गाडीपुरते त्यात तथ्य होते. पण 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि त्यानंतर हळूहळू फोर-स्ट्रोक गाड्यांनी जुन्या गाड्यांची जागा घेतली. या गाडीचे ऑईल इंजिनातच वेगळे असते, मूठ सोडली म्हणून ते कमी होत नाही. गाडी बदलली, सवय मात्र बापाकडून मुलाकडे तशीच आली.

आता जुन्या ड्रायव्हर लोकांचा एक नियम ऐका. ज्या गिअरने घाट चढतो, त्याच गिअरने उतरायचे. चढताना दुसरा गिअर लागला, तर उतरतानाही दुसराच. मूठ सोडली की इंजिनच गाडीला मागे ओढून धरते, जसा नांगराचा फाळ बैलांना धावू देत नाही तसे. मग ब्रेकला फक्त शेवटचे थोडे काम उरते. क्लच दाबून उतरणे म्हणजे न्यूट्रलसारखेच, इंजिनाचा आधार सुटतो. आणि पेट्रोलचे म्हणाल, तर आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत मूठ सोडून गिअरमध्ये उतरताना इंजिनाला पेट्रोल जवळजवळ मिळतच नाही. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागते. म्हणजे वाचते ते गिअरमध्ये, न्यूट्रलमध्ये नव्हे.

चावी बंद करणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. पुष्कळ गाड्यांना चावी आणि हँडल-लॉक एकाच जागी असतात. उतारावर घाईत चावी फिरवताना ती एक घर पुढे गेली आणि हँडल वळवले असले, तर काय होईल, याचा विचार करा.

बिगरगिअरच्या स्कूटरला हा इंजिनाचा आधार थोडाच मिळतो, आणि वेग फार कमी झाला की तोही सुटतो. त्यामुळे स्कूटरवर घाट उतरणाऱ्याने अगदी वरूनच हळू निघावे आणि मध्ये दोन-तीन ठिकाणी थांबावे. म्हातारे सासरे मागे, पुढे नातू, आणि स्कूटरवर घाट, हे दृश्य मी दर आठवड्याला पाहतो. पोटात गोळा येतो.

ब्रेक सतत दाबून ठेवला की आतला शू आणि ड्रम घासून घासून तापतात. तापलेला शू पकडत नाही. ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला, जळका वास आला, की समजा आता पुढच्या वळणावर ब्रेक नाही. बाजूला सपाट, रुंद जागा पाहून थांबा, पाच-दहा मिनिटे गाडी निवू द्या. त्यावर पाणी ओतू नका. डिस्क ब्रेकही तापतो, त्याच्या नळीतले तेल उकळले की दांडी मऊ लागते. उलट, रस्त्यावरून वाहणाऱ्या ओढ्यातून गाडी गेली, तर ड्रम भिजतो आणि ओला शू धरत नाही. पाणी ओलांडले की गाडी हळू चालवत ब्रेक हलका हलका दाबून तो आधी वाळवून घ्या.

ब्रेक सावकाश, वाढत्या जोराने, दोन्ही दाबावेत, आणि गाडी सरळ असतानाच. वळणात गाडी झुकल्यावर एकदम दाबला तर घसरणारच. 2019 च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना मोठ्या इंजिनासाठी एबीएस आणि 125 सीसीपर्यंतच्या लहान गाड्यांसाठी एक ब्रेक दाबला की दोन्ही लागणारी जोडणी सक्तीची झाली. चांगली गोष्ट आहे. पण तुमची गाडी त्याआधीची असेल, तर तिच्यात यातले काही असेलच असे नाही, हे लक्षात ठेवून चालवा.

वळण म्हणजे गोफण

जोंधळ्याच्या राखणीला तुम्ही गोफण फिरवली आहे. दगड जितका जोरात फिरेल, तितकी दोरी हाताला ओढते. वळणावर गाडीचेही तसेच. तिला आत धरून ठेवणारी दोरी म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातली घट्ट पकड. वेग दुप्पट केला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. थांबायला लागणारे अंतरही तसेच चौपट होते. ताशी 40 किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. समोरचे दिसून हात-पाय हलायला तो एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही दोन बैलगाड्यांच्या लांबीपेक्षा जास्त पुढे गेलेले असता, आणि घाटातल्या कित्येक वळणांवर समोरचे तेवढेसुद्धा दिसत नाही.

म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर फक्त गाडी सांभाळायची.

उजव्या वळणावर बहुतेक जण एक चूक करतात आणि त्यांना ती कळतही नाही. चाक पांढऱ्या रेषेच्या आत, आपल्या बाजूलाच असते. पण गाडी उजवीकडे झुकलेली असते, त्यामुळे डोके आणि खांदा रेषेच्या पलीकडे, समोरच्याच्या वाटेत गेलेले असतात. उजव्या वळणावर चाक रेषेपासून चांगले हातभर-दीड हात आत ठेवा.

ट्रक आणि एसटीचे वागणे समजून घेतले पाहिजे. लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून कापून जातात. म्हणून अवघड वळणावर ड्रायव्हरला तोंड आधी बाहेर, तुमच्या बाजूला, काढावेच लागते. तो दांडगाई करत नसतो. दुसरा मार्गच नसतो. तुम्ही वरून येत असाल आणि वळणाखाली ट्रक दिसला, तर वळणाच्या अलीकडेच थांबा आणि त्याला पूर्ण वर येऊ द्या. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, असा कायद्याचाही नियम आहे, कारण भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा निघणे कठीण. आणि वळणावर ट्रकच्या आतल्या बाजूला मोकळी जागा दिसली म्हणून तिथून कधीही घुसू नका. ती जागा दिसता दिसता त्याच्या मागच्या चाकाखाली जाते.

पुढे रस्त्याचे. पहिल्या एक-दोन पावसांत रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण उन्हाळाभर सांडलेले डिझेल-ऑईल पाण्यावर तरंगून वर येते. आषाढ-श्रावणात कडेला शेवाळ धरते, दरडीची लाल माती वाहून येते. 2021 च्या जुलैमध्ये चिपळूणला महापूर आला, तेव्हा आपल्या कितीतरी घाटांत दरडी कोसळल्या आणि रस्ते तुटले, हे आठवत असेल. मोठी दरड लांबून दिसते. धोका असतो तो वळणात पडलेल्या चार मुठी खडीचा. हिवाळ्यात दवाने भिजलेला पाचोळा, आणि कारखान्याच्या हंगामात ट्रॉलीतून पडलेला ऊस. धुक्यात मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून दिवा खालचाच ठेवा. रात्री कोयना, राधानगरी, आंबोलीच्या बाजूला गवा रस्त्यावर येतो. काळा देह, काळा रस्ता. तो जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि एक दिसला तर मागे आणखी असतात.

ओझे

चाळीस लिटर दुधाचा कॅन म्हणजे दूधच चाळीस किलोंच्या वर. दोन्ही बाजूंना दोन कॅन म्हणजे मागे एक धडधाकट माणूस बसवल्यासारखे, वर तो माणूस कधी गाडीबरोबर झुकत नाही. दोन कॅन भरलेले असणे बरे, पण एक भरलेला आणि एक रिकामा वाईट. अर्धवट भरलेले तर त्याहून वाईट, कारण वळणात दूध एका अंगाला हेलकावते आणि गाडीला आपल्याबरोबर ओढते. झाकण घट्ट हवे, कडी ढिली नको. वैरणीचा किंवा वाढ्यांचा भारा आडवा बांधला तर तो दोन्हीकडे हातभर बाहेर असतो. आपण कठड्यापासून लांब आहोत असे वाटते, आणि भारा कठड्याला घासतो. ठिबकच्या नळ्या, पाईप आडवे नेऊच नका. शेतीचे ओझे घाटातून मोटारसायकलीवर न्यायचेच नाही, असे मी म्हणणार नाही. मला माहीत आहे, टेम्पोचे भाडे सगळ्यांना परवडत नाही. पण दोन खेपा कराव्यात, एक पोते कमी घ्यावे.

टायरकडेही बघा. शेतावर चालवून गुळगुळीत झालेला टायर सपाट रस्त्यावर महिनोन् महिने चालतो, घाटात एका पावसात उघडा पडतो. मागे माणूस असताना हवा किती ठेवायची, ते बऱ्याच गाड्यांवर साखळीच्या कव्हरापाशी लिहिलेले असते.

भगिनींनो, आता तुमच्यासाठी. एका बाजूला दोन्ही पाय टाकून बसायची आपली रीत आहे. मोठ्यांसमोर दुसरे कसे बसायचे, हा प्रश्न मला कळतो. पण तसे बसल्यावर तुमचे सगळे वजन एकीकडे असते आणि उताराच्या धक्क्याने तुम्ही पुढे सरकता, तेव्हा पकडायला नीट काही नसते. सौ. पडली तेव्हा अशीच बसली होती, आणि गाडी तिच्याच पायावर आली. मागच्या चाकाचे अर्धे तरी झाकणारी जाळी, धरायला दांडी आणि पाय ठेवायला जागा, हे तिन्ही गाडीला असलेच पाहिजे असा नियम आहे. जाळी गंजून पडली म्हणून काढून फेकली असेल, तर या आठवड्यात नवी बसवून घ्या, पदर चाकात जाणे फार भयंकर असते. घाटाला निघताना पदर खोचून घ्या, ओढणी बांधून घ्या. आणि गाडी चालवणारा जोरात चालला असेल तर त्याला सांगा. तो रागावेल. रागावू द्या.

हेल्मेटविषयी वेगळे काय सांगू? कायद्याने ते चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही लागते, चार वर्षांवरच्या मुलालासुद्धा. आयएसआय शिक्का नसलेले हेल्मेट विकायला 2021 च्या जूनपासून बंदी आहे, तरी बाजारात रस्त्याकडेला टोपलीसारखी हेल्मेटे मिळतात. ती पोलिसांसाठी असतात, डोक्यासाठी नाहीत. पट्टा हनुवटीखाली बांधलेला नसेल तर चांगले हेल्मेटही पडण्याआधी उडून जाते. पोराला मिसरूड फुटायच्या आधी गाडी देणाऱ्या आईबापांना एवढेच की, 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कोणी पडलेला दिसला तर

आमच्या वेळी जी माणसे धावून आली, त्यांच्या मनात दयाच होती. पण दोघांनी खांदे आणि दोघांनी पाय धरून सौ.ला उचलले, तेव्हा ती जी किंचाळली, तो आवाज अजून कानात आहे. मोडलेल्या हाडाची टोके आत सरकली होती. पडलेल्या माणसाला, त्याच्यावर दुसरी गाडी येण्याची भीती नसेल, तर हलवू नका. आधी वळणाच्या वर आणि खाली माणूस उभा करा, येणाऱ्या गाड्या थांबवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, पुढची काच वर करा. 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून चालू आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. घाटात फोनला रेंज नसते, म्हणून पहिल्या येणाऱ्या गाडीवाल्याला किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगून पुढे पाठवा. "घाटात अपघात झालाय" एवढ्या निरोपावर रुग्णवाहिका कुठे शोधणार?

पोलिसांच्या भानगडीत पडावे लागेल म्हणून पुष्कळ जण गाडी न थांबवता निघून जातात. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आणि त्यानंतर 2019 च्या कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. चांगल्या हेतूने मदत केलेल्याला कोणी आरोपी करत नाही. 2025 पासून केंद्र सरकारच्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची सोय आहे. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, त्यात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास एक लाख मिळतात. पण दारू पिऊन गाडी चालवलेल्याला त्यातले काही मिळत नाही. घाट उतरण्याआधी टपरीवर चहा घ्या, हवा तर दोन घ्या.

आमच्या घरी आता दोन हेल्मेट आहेत. खुंटीवर शेजारी शेजारी टांगलेली असतात. सौ. चालते, पण पावसाळा लागला की मांडी ठणकते, आणि चिखलात वाकून लावणी करणे तिला आता जमत नाही. ती बांधावर बसून तरव्याच्या मुठी करून देते. माहेरी जायचे झाले तर आम्ही बहुतेक वेळा एसटीने जातो. कधी गाडीने गेलोच, तर ती सलवार-कमीज घालून, दोन्हीकडे पाय टाकून बसते. भावकीतल्या म्हाताऱ्या पहिल्यांदा हसल्या, आता त्यांच्या सुनाही तशाच बसतात. तांदूळ एसटीने पुढे पाठवतो. ते वळण जवळ आले की ती काही बोलत नाही, पाठीवर दोनदा थोपटते. मी दुसरा गिअर टाकतो, हॉर्न वाजवतो आणि खालून काही चढत नाही ना, ते बघत थांबतो.